तिळाएवढं काम

१

घड्याळाची डबी कोणत्या धातूची करायची हे आपण ठरवलं, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटतं. वाटू द्यावं. खरं तर ते त्याचा तळहात ठरवतो. मी नुसती बघत बसते.

आमच्याकडे पाण्याखाली काम करणाऱ्यांची घड्याळं येतात. बंदरात जहाजांची बुडं खरवडणारे, पुलांचे खांब खाली जाऊन तपासणारे, अशी माणसं. आतलं यंत्र ती कुठूनही आणोत, त्याच्याभोवतीची डबी आम्ही करतो. सून लेथवर डबी कापते, झाकणाला आटे पाडते, रबराची रिंग बसवून दाबाखाली तपासते. मी घासते. बावन्न वर्षं घासतेय. मला अक्षर ओळखू येत नाही, ओरखडा ओळखू येतो. कोणता माझ्या हातचा, कोणता दगडाचा, कोणता दुसऱ्या कारागिराच्या आळसाचा, ते अंगठा फिरवला की कळतं.

खिडकीपाशी माझं टेबल आहे, समोर वेताची खुर्ची, टेबलावर नमुन्यांचा ट्रे. ट्रेमध्ये तीन धातू. स्टील जड आणि गार. "सासूसारखं," असं सून गिऱ्हाइकांसमोर सांगते आणि वर हसते. टायटॅनियम करडं, हलकं. हातात घेतलं की लगेच कोमट लागतं, जणू आत्ताच कुणीतरी मुठीतून खाली ठेवलंय. आणि ब्राँझ. ते पहिल्या दिवशी सोन्यासारखं मिरवतं, मग घामाने काळवंडतं, खाऱ्या पाण्यात हिरवं पडतं. ज्याच्या मनगटावर असेल त्याच्यासारखं होतं.

प्रत्येक धातूला तीन चेहरे. आरशाचा, रेघांचा आणि वाळूचा. आरशाच्या चेहऱ्यात तोंड दिसतं, पण पहिल्याच आठवड्यात चरे पडतात. रेघांचा चेहरा चरे पोटात घालतो. वाळू मारलेला काहीच परत दाखवत नाही. दिवा जवळ नेला तरी गप्प.

२

माझ्या नातीला आम्ही घरात ठमी म्हणतो. मुलगा आजारपणात गेला त्याला सात वर्षं झाली. त्याच्यामागे एवढी एकच. तीही पाण्याखालचं काम शिकली. तिला अडवायला मी तोंड उघडलं, पण जन्मभर पाण्यात जाणाऱ्यांच्याच डब्या घासलेल्या बाईने काय बोलायचं?

त्या महिन्यात ती दोन वर्षांसाठी निघाली होती. एका धरणाचे पाण्याखालचे दरवाजे तपासायचं काम होतं. तिच्या घड्याळाची डबी घरचीच होणार, हे ठरलेलं.

"आजी, टायटॅनियम. आणि वाळूचा चेहरा," ती म्हणाली.

"आरशाचा कर गं. मुलीच्या हातात जरा उठून दिसेल."

"खाली कोण बघणार आहे? मासे? चमकलं की येऊन चावतात."

"तुला कोण चावतंय! तूच मेली त्यांना बोलून बोलून वर पाठवशील."

सून लेथवरून मान वर न करता म्हणाली, "आई, तीळ विसरू नका हं."

तीळ म्हणजे आमच्या घरातली रीत. पट्टा अडकवायला डबीला चार कान असतात. त्यातल्या उजव्या खालच्या कानाच्या आतल्या बाजूला, पट्ट्याखाली झाकलं जाईल अशा जागी, तिळाएवढं घासकाम बाकी ठेवायचं. तेवढा ठिपका कच्चा, लेथवरून आला तसा. मला हे सासऱ्यांनी शिकवलं. म्हणायचे, "पुरं केलं की माणूस मोकळा. पाण्यात जाणाऱ्याला मोकळं सोडायचं नाही. काम राहिलं असेल तर त्याला यावं लागतं." मग वर्षा-दोन वर्षांनी तो रिंग बदलायला आला की जुना तीळ मिटवायचा आणि दुसऱ्या कानावर नवा ठेवायचा. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगायचं नाही.

हसण्यासारखं आहे, मला कळतं. पण बावन्न वर्षांत शेकड्यांनी डब्या गेल्या आणि सगळी माणसं परत आली. चार सोडून. त्या चौघांचे चेहरे मला आठवत नाहीत. डब्या आठवतात.

३

सोमवार होता. दुपारचे तीन, जेवणानंतर डोळ्यांवर झापड येते ती वेळ. दाराचा आवाज मी ऐकला नाही, पण त्याचं काय, माझे कान हल्ली निम्मे आवाज बाहेरच ठेवतात. मान वर केली तर खुर्चीत माणूस.

"वहिनी, बसलो तर चालेल ना?"

बसून विचारत होता. चाळिशीचा असेल. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. चेहरा इतका दमलेला की मलाच उठून काहीतरी द्यावंसं वाटलं.

"पाणी देऊ का?"

"पाणी नको," तो म्हणाला. एवढ्या घाईने म्हणाला की मला हसू आलं.

मी ट्रे पुढे सरकवला. नेहमीचे प्रश्न विचारले. किती खोल जाता, पाणी खारं का गोडं, हातमोजे घालता का, घाम किती येतो. त्याने एकाचंही नीट उत्तर दिलं नाही. सगळ्याला "बघतो" म्हणाला. टायटॅनियमचा तुकडा उचलून मुठीत धरला आणि खिडकीबाहेर बघत बसला. पाऊण तास तरी बसला असेल. मी माझं काम करत राहिले. अशी माणसं असतात. त्यांना काही घ्यायचं नसतं, फक्त बसायचं असतं. मलाही हल्ली तसंच होतं.

"उद्या येतो, वहिनी," म्हणून तो उठला.

तो गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. मला आता सगळे आजी म्हणतात. मावशी, काकू म्हणणारे कधीच मागे पडले. वहिनी म्हणणारे तर नवरा गेला तेव्हाच संपले. चाळिशीचा माणूस चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हातारीला वहिनी कशाला म्हणेल?

असेल, म्हटलं. एकेकाच्या जिभेचं वळण.

मग मी तो तुकडा ट्रेमध्ये ठेवायला उचलला आणि पटकन हातातून टाकला. गार होता. स्टील गार लागतं तसा नाही. विहिरीतून काढलेल्या कळशीसारखा, हाडापर्यंत जाणारा. पाऊण तास माणसाच्या मुठीत राहिलेलं टायटॅनियम.

४

"तुमचा दीर येऊन गेला वाटतं," दुसऱ्या दिवशी सून फरशी पुसता पुसता म्हणाली. तिनेही त्याला पाहिलं होतं, त्याचं वहिनी म्हणणं आतून ऐकलं होतं. "अहो, त्याला सांगा पाय तरी पुसून येत जा. खुर्चीखाली तळं झालंय. माझी कंबर गेली पुसून पुसून."

"बाहेर पाऊस होता का?"

"कुठला पाऊस? दोन दिवस ऊन आहे."

ठमी जिन्यावरून ओरडली, "आजी, गिऱ्हाईक आवडलेलं दिसतंय तुला! आजही येणार म्हणे."

"हो ना. वर शोधतेच आहे मी. तुझं होत नाही तर माझं तरी होऊ दे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण तुकडा सकाळीही गारच होता. उन्हात खिडकीवर ठेवला होता तरी. मी सुनेला काही बोलले नाही. तिला म्हटलं असतं तर तिने माझा हात धरून बघितला असता, आणि माझाच हात गार निघाला असता. या वयात निघतोच.

५

मंगळवारी त्याने ब्राँझ उचललं. नवा कोरा नमुना, आदल्याच आठवड्यात मी त्याला आरशाचा चेहरा दिला होता. अंगठ्याने हळूहळू चोळत बसला.

"ब्राँझ लवकर बदलतं," मी म्हटलं. "ज्याला आपलं घड्याळ म्हातारं झालेलं बघायला आवडतं, त्याने घ्यावं."

"किती दिवसांत बदलतं?"

"सहा महिने तरी लागतात. रोज समुद्रात जाणाऱ्याला तीन."

जाताना तुकडा त्याने स्वतः ट्रेमध्ये ठेवला, व्यवस्थित, त्याच्या खाचेत. मी चष्मा पुसून बघितलं. तुकडा हिरवा होता. वरवर नाही. कडांना पापुद्रे धरलेले, मधे खड्डे पडलेले, बुडालेल्या जहाजातून काढलेल्या वस्तूंवर पडतात तसे. एका बाजूला पांढरं, खरखरीत काहीतरी चिकटलं होतं. शिंपल्यांची पिल्लं खडकावर बसतात, तसलं.

सून म्हणाली, "घामाचा आजार असतो काहीजणांना. चावी हातात धरली तर गंज चढतो."

"आणि हे पांढरं?"

"साबण असेल."

मी मान डोलावली. कारण सापडलं की मन ते पटकन घेतं, अंगाला बसो न बसो. मीही घेतलं. ठमी जायला चारच दिवस होते आणि तिची डबी अजून माझ्या टेबलावर होती. मला दुसरं काही बघायचं नव्हतं.

६

बुधवारी तो आला नाही. गुरुवारी आला, तेव्हा ट्रेकडे पाहिलंही नाही.

"एकही पसंत नाही?" मी विचारलं.

"मला नवीन नकोच, वहिनी. माझं आहे. थोडं राहिलंय, तेवढं करून द्या."

"मग दोन दिवस हे बघत का बसलात?"

"आठवत नव्हतं," तो म्हणाला. "काय राहिलंय तेच आठवत नव्हतं. नुसतं यायचं आहे एवढं माहीत होतं."

त्याने खिशातून ओल्या फडक्याची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. मी सोडली. जुनी डबी. स्टील, रेघांचा चेहरा. काच आतून धुरकट झालेली, तिच्यामागे पाण्याची रेषा डुगडुगत होती. पट्टा नव्हता. माझा अंगठा माझ्याआधी उजव्या खालच्या कानाकडे गेला.

तिथे तीळ होता.

रेघा माझ्या होत्या. त्या काळात माझा हात कडेला जरा जड पडायचा, सासरे ओरडायचे. ती डबी मी सून घरात आली त्या वर्षी घासली होती. एकतीस वर्षं झाली. बंदरातल्या माणसाची. तो परत आला नाही म्हणून चौकशी केली, तेव्हा त्याचा सोबती दारातूनच बोलून गेला होता, "दोर वर आला, वहिनी. माणूस नाही आला."

मी मान वर केली नाही.

त्या माणसाने ती तेव्हाच कुठल्या दुकानात विकली असेल, मी मनाशी म्हटलं. किंवा ती कुणाला तरी सापडली असेल. हा मुलगा असेल त्याचा. बापाचं घड्याळ घेऊन आला, बापाने सांगितलं असेल वहिनींकडे जा. होतं असं. मग मी स्वतःलाच विचारलं, तिळाचं बापाला तरी कुणी सांगितलं होतं?

स्टीलचा आरशाच्या चेहऱ्याचा नमुना माझ्या कोपराशी पडला होता. त्यात खिडकी दिसत होती, बंद पंखा दिसत होता, वेताची खुर्ची दिसत होती. खुर्चीतल्या माणसाचे केस हलत होते. वाऱ्याने हलतात तसे नाही. सगळे वर उठलेले, सावकाश एका बाजूला झुकायचे, थांबायचे, मग दुसऱ्या बाजूला. बादलीत कापड सोडलं की ते जसं स्वतःच्या चालीने हलतं, तसे. आणि शर्टाची एक बाही हळूहळू वर तरंगत होती. आत हात असल्यासारखी दिसत नव्हती.

मी नमुना पालथा घातला.

७

काडीला पॉलिश पेपर गुंडाळला. आधी जाडा, मग बारीक. असल्या कामाला पाच-सात मिनिटं लागतात. भीती वाटायलाही जोर लागतो. तो माझ्यात उरला नव्हता. समोरून श्वासाचा आवाज येत नव्हता, मधूनमधून थेंब पडल्याचा येत होता. आत सून लेथ चालवत होती. तो घरघराट मला इतका गोड कधी वाटला नव्हता.

तीळ मिटला. रेघेला रेघ मिळाली. मी सवयीने डबी फिरवली, डाव्या कानाकडे.

"दुसऱ्या कानावर नवा ठेवू नका, वहिनी," तो म्हणाला.

मी काडी खाली ठेवली. डबी फडक्याने पुसून, मान खालीच ठेवून, त्याच्याकडे सरकवली.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

त्याचा अंगठा त्या कानावरून फिरला. मग म्हणाला, "एवढ्यासाठी किती चालायला लावलंत."

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. दिवसभराची पाळी करून आलेला माणूस चपला काढताना बोलतो, तसं म्हणाला. वेत करकरला. टेबलावरून हात फिरवला तर डबी नव्हती. खुर्चीखालच्या ओलीवर वाळूचे चार कण होते, ते मी पायाने सारले.

"तुमचा दीर गेला का?" सुनेने आतून विचारलं.

"गेला."

"उद्या येणार?"

"नाही. त्याचं काम झालं."

बाकीचे तिघे मला तेव्हा आठवले. दोन स्टीलच्या, एक ब्राँझची. तिन्ही डब्यांवर तीळ मीच ठेवले होते, आणि मनात म्हटलं होतं, ये बाबा परत.

८

शुक्रवारी दुपारी ठमीची डबी पूर्ण झाली. टायटॅनियम, वाळूचा चेहरा, बोटाला मऊ. फक्त उजव्या खालच्या कानावर तीळ होता. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी. ती वर कपडे भरत होती, गाणं गुणगुणत होती, एकच ओळ पुन्हा पुन्हा.

मी काडीला पेपर गुंडाळला.

सासरे म्हणायचे माणसाला यावं लागतं. येताना कसं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं का कुणास ठाऊक. तीळ मिटवला तर पोर मोकळी. जिथे असेल तिथे, काहीही झालं तरी तिला आठवत नसलेल्या कामासाठी चालत यावं लागणार नाही. त्या दमलेल्या माणसाला एकदा बघितल्यावर तेवढं तरी मी तिच्यासाठी करायला हवं होतं.

काडी टेकवली. एकदा ओढली. दोनदा ओढली.

सून दारात उभी होती. हात तेलकट, कपाळावर केस आलेले. तिने फक्त माझ्या बोटांकडे पाहिलं.

"आई, ठेवताय ना?" ती म्हणाली. "मी असलं काही मानत नाही, तुम्हाला माहितीये. पण ठेवा. मला एवढी एकच आहे."

तिला सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण काय सांगणार होते? की येते गं, नक्की येते, फक्त तू तिला ट्रेमधल्या आरशात बघू नकोस?

"ठेवलाय," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. दोन ओढीत तीळ अर्धा गेला होता, अर्धा होता. मी काडी ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावला. तेवढ्यात ठमी दोन-दोन पायऱ्या उतरत आली, डबी मनगटावर धरून बघितली, माझ्या गालाला गाल लावला.

"झालं?"

"झालं."

"एकदम झकास, आजी. हात काय आहे गं तुझा!"

९

त्याला आता चौदा महिने झाले. ठमी दर रविवारी फोन करते. पाणी गढूळ आहे, जेवण भिकार आहे, वरचा साहेब गाढव आहे. ऐकून बरं वाटतं. सून त्या दिवशी लेथ लवकर बंद करते.

तिची डबी ज्या कांबीतून कापली, तिच्या उरलेल्या तुकड्यातली एक चकती मी ठेवून घेतली आहे. कंबरेच्या पिशवीत असते. दिवसातून दहा वेळा हात आपोआप जातो. कोमट लागते. टायटॅनियमच ते, कोमटच लागणार, त्यात विशेष काही नाही, हे मलाही कळतं. तरी हात जातो. काम करताना मधेच माझ्या मनात येतं, की अख्ख्या तिळाला अख्खा माणूस येतो. अर्ध्या तिळाला किती येतं, हे मला कोण सांगणार?

या रविवारी फोन आला नाही. लांबच्या जागा, रेंज नसते, सून म्हणाली. तिने तीनदा म्हटलं.

आज सोमवार. सकाळी उठून पिशवीत हात घातला. रात्रभर माझ्या अंगाच्या उबेत असलेली चकती. मी ती सुनेच्या तळहातावर ठेवली.

"गार आहे ना?"

तिने मूठ मिटली. उघडली नाही. "थंडी पडलीय, आई," ती म्हणाली, आणि लेथकडे गेली. पण लेथ चालू केला नाही.

आता पावणेतीन झालेत. ट्रेमधला आरशाचा नमुना मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिलाय. वेताच्या खुर्चीवर जुना टॉवेल पसरलाय, चौपदरी. दाराची कडी काढून ठेवलीय. काडीला पेपर गुंडाळून तयार आहे, आधी जाडा, मग बारीक. पोर दमून आली तर तिला फार वेळ बसवून ठेवायचं नाही.